एअर रायफलचा झिरो टिकत नाही? नॉब सोडा, आधी स्क्रू बघा

रविवारी अर्धा डबा छर्रे घालवून स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) झिरो केला, म्हणजे नेम धरू तिथेच छर्रा लागेल असा जुळवला. पुढच्या रविवारी तीच रायफल, तोच कागद, आणि छर्रे चार बोटं डावीकडे. अशा रायफली मी बरीच वर्षं बघतोय. येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलतो: "स्कोप खराब निघाला." स्कोप खरोखरच खराब निघाल्याच्या वेळा मात्र मला बोटांवर मोजता येतील. बाकी सगळीकडे सैल स्क्रू, पकड, छर्रे, नाहीतर चुकलेलं गणित.

हे सगळं मी नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या ४.५ मिमी रायफलीबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तीच असते. पीसीपीचं, म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचं, जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

आधी लक्षण ओळखा

एका कागदावर, एकाच बिंदूवर नेम धरून, पाच छर्रे मारा. पहिला डावीकडे गेला म्हणून दुसऱ्याला नेम उजवीकडे सरकवू नका. तेवढा मोह आवरा. मग कागद बघा.

- पाचही छर्रे जवळजवळ, पण मधोमध नाहीत: हा बिघाड नाही. झिरो करायचा राहिलाय, एवढंच.
- पाच छर्रे पाच दिशांना: इथे स्कोपवरचा नेम जुळवायचा नॉब फिरवणं म्हणजे छर्रे फुकट घालवणं. खालच्या तपासण्या पहिल्यापासून करा.
- दोन वेगवेगळे ढीग: काहीतरी सैल आहे आणि दोन जागांवर बसतंय, किंवा तुम्ही दोन तऱ्हांनी धरताय.
- सुरुवात ठीक, मग हळूहळू एकाच दिशेला सरकत जाणं: माउंट (स्कोप रायफलीला जोडणारा तुकडा) सरकतंय. पीसीपी असेल तर आधी हवेचा काटा बघा.
- वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी छर्रा खालीच: नळीचा झोक.
- चार-सहा क्लिक फिरवून काहीच नाही, मग अचानक उडी: कधी गणित, कधी स्कोप.
- १० मीटरला अचूक, २५ ला भलतीकडे: बहुधा काहीच बिघडलेलं नाही.

यातून एकच नियम निघतो: ग्रुप (एका नेमाला लागलेल्या छऱ्यांचा ढीग) आधी, झिरो नंतर. स्कोप फक्त ग्रुप इकडून तिकडे हलवतो, तो लहान करत नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण घेतलं, त्या प्रकारात दुर्बीण लावायला परवानगीच नाही. मागच्या साइटच्या बारीक भोकातून बघायचं असतं आणि कागदावरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. ग्रुप रायफल, छर्रा आणि माणूस मिळून करतात. पाच छऱ्यांचा ग्रुप २० मीटरला रुपयाच्या नाण्याएवढा येत नाही तोवर नॉबची टोपी काढू नका.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. रायफल भरलेली नाही याची खात्री करा. आणि नळी मोडलेली असताना नळी एका हाताने घट्ट धरल्याशिवाय दुसऱ्या हाताची बोटं सांध्याजवळ नेऊ नका. चाप निसटला तर ती नळी झटक्यात मिटते आणि बोट मध्ये सापडतं.

१. स्क्रू: फुकट, पाच मिनिटं

दस्त्याचे स्क्रू आधी, स्कोपचे नंतर. लोक नेमकं उलटं करतात. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो, चापाच्या कडीपाशी एक किंवा दोन. स्प्रिंगच्या हादऱ्याने हे हमखास ढिले होतात. ते ढिले झाले की दर बाराला लोखंड लाकडात थोडं वेगळ्या जागी बसतं, आणि कागदावर दोन ढीग दिसतात. माझ्याकडे आलेल्या "खराब स्कोप"पैकी कितीतरी इथेच बरे झाले. एकाने तर त्यापायी दुसरा स्कोप विकत घेतला होता. जुना मी अजून वापरतोय.

घट्ट करताना पाना बरोबर मापाचाच घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं खाल्लं जातं आणि पुढच्या वेळी ते काढणं हेच नवं काम होऊन बसतं. दस्त्याच्या स्क्रूंना निळ्या रंगाचं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा. लाल नको, ते पुन्हा सहज सुटत नाही.

आता माउंटचे आणि रिंगचे (स्कोपला वेढणाऱ्या कड्यांचे) स्क्रू. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे तिरपे, समोरासमोर, थोडे थोडे. अॅलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा, तेवढाच जोर पुरे. जास्त आवळलं तर स्कोपची नळी दबते, आत सरकणारा भाग अडकतो, आणि मग खरोखरच स्कोप खराब होतो.

२. पकड: हीही फुकट, पण पटवून घ्यायला सगळ्यात अवघड

चाप ओढला की स्प्रिंग सुटते, जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. पिस्टन टोकाशी हवेच्या गादीवर आपटला की रायफल पुढे झेप घेते. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल हललेली असते. म्हणजे तुम्ही तिला कशी धरलीत यावर छर्रा कुठे जाणार ते ठरतं.

म्हणून घट्ट धरू नका, टेबलाच्या कडेवर किंवा दोन पायांच्या स्टँडवर टेकवू नका. मोकळ्या तळहातावर तिला नुसती ठेवा, बोटं न मिटता. खांद्याला हलकीशी टेकलेली असू दे. तिला जशी उसळायची आहे तशी दरवेळी सारखीच उसळू द्यायची. वाळूची पिशवी वापरायची तर पिशवीवर हात आणि हातावर रायफल. तळहात कुठे येतो तिथे दस्त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. तो हात दोन इंच पुढेमागे झाला तरी ग्रुप हलतो, हे स्वतः करून बघा म्हणजे माझ्याशी वाद घालायची गरज उरणार नाही.

एक ओळखीचे गृहस्थ थेट पिशवीवर रायफल टेकवून झिरो करायचे आणि उभं राहून मारायचे. दर आठवड्याला झिरो "हलायचा". ज्या पकडीने मारणार त्याच पकडीने झिरो करायचा.

पीसीपीला हा ताप जवळजवळ नाही. तिथे उसळी नगण्य असते.

३. छर्रे

डबा उघडून मूठभर छर्रे पांढऱ्या कागदावर पसरा. मागचा पातळ घेर चेपलेला, शिशाचा कण चिकटलेला, वाकडा, असा प्रत्येक बाजूला काढा. तो घेर हवेच्या दाबाने फुलून नळीला चिकटतो. चेपलेला असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा डोलत जातो.

दुसरं, कंपनी बदलली की झिरो बदलतो. वजन, डोक्याचा व्यास, आकार सगळंच वेगळं असतं. ४.५० आणि ४.५२ मिमी डोक्याचे छर्रे एकाच नळीत वेगळे वागतात. महाग म्हणजे चांगला असंही नाही. प्रत्येक नळीची आपली आवड असते. दोन-तीन प्रकारांचे छोटे डबे घ्या, प्रत्येकाचे दहा मारा, ज्याचा ग्रुप लहान तो ठेवा, आणि मग तोच वापरा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा साबणाने हात धुवून मगच भजी.

४. अंतर आणि क्लिकचं गणित

"चार क्लिक फिरवले, काही झालंच नाही" याचं उत्तर इथे आहे. बहुतेक स्कोपवर एक क्लिक (नॉबचा एक खटका) म्हणजे पाव एमओए (हे कोनाचं माप), म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. पण आपण १०० यार्डांवर मारत नाही. हाच क्लिक २५ मीटरला १.८ मिमी, २० मीटरला जेमतेम दीड मिमी आणि १० मीटरला ०.७ मिमी होतो. म्हणजे १० मीटरला चार क्लिक फिरवलेत तर ग्रुप तीन मिलिमीटर सरकला, आणि छऱ्याचं भोकच साडेचार मिमीचं! दिसणार काय? १० मीटरला दोन सेंमी सरकायचं तर २७-२८ क्लिक लागतात, २० मीटरला १४. बिचकू नका, मोजून फिरवा.

नॉबवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते सांगतो. छर्रे खाली पडत असतील तर ‘अप’कडे फिरवायचं. उलटं फिरवून "हा स्कोप उलटा आहे" म्हणणारेही भेटलेत. स्वस्त स्कोपमध्ये आतला भाग फिरवल्याबरोबर नव्या जागी बसत नाही. नॉबवर नाण्याने दोन टिचक्या मारा, दोन छर्रे सोडून द्या, मग पाच मारून बघा.

आता अंतर. स्कोप नळीच्या मध्यापासून साधारण ४ सेंमी वर असतो. नजर सरळ रेषेत जाते, छर्रा खालून चढत येऊन ती रेषा गाठतो आणि मग पडायला लागतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २२० मीटरने निघत असेल आणि झिरो २० मीटरला असेल, तर ५ मीटरला तो दोनेक सेंमी खाली लागतो, १० मीटरला ७ मिमीच्या आसपास खाली, आणि ३० मीटरला पुन्हा अडीच-तीन सेंमी खाली. गच्चीत ८ मीटरवर झिरो करून शेतात ३० मीटरवर मारणाऱ्याला रायफल बिघडलेली वाटणारच. ज्या अंतरावर जास्त मारता तिथे झिरो करा, अंतर पावलांनी नव्हे तर टेपने मोजा, आणि बाकीच्या अंतरांना छर्रा कुठे लागतो ते एका कागदावर लिहून दस्त्याला चिकटवा.

५. डोळा आणि तिरकेपणा

आधी डोळ्याजवळचं भिंग फिरवून स्कोपमधली नेमाची फुली काळीकुट्ट आणि स्पष्ट दिसेल असं करा, पांढऱ्या भिंतीकडे बघत. मग रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला न शिवता, डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली कागदावर सरकताना दिसली तर तो पॅरालॅक्स. बंदुकीसाठी बनवलेले बरेच स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. १५-२० मीटरवर गाल जरा वेगळा टेकला की नेमच बदलतो. पुढे किंवा बाजूला अंतराची कडी असेल तर ती फिरवून फुलीचं सरकणं थांबवा. कडीवरच्या आकड्यापेक्षा आपल्या डोळ्यावर विश्वास ठेवा. कडीच नसेल तर गाल दरवेळी एकाच जागी टेकवा, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी हे लक्षात असू द्या.

तिरकेपणाला गवंड्याचा ओळंबा. दोरीला नट बांधून १५ मीटरवर टांगा, रायफल सरळ धरून फुलीची उभी रेघ दोरीवर येते का बघा. रायफल उजवीकडे कलली की छर्रा उजवीकडे आणि थोडा खाली जातो, आणि अंतर वाढेल तसा जास्त.

६. माउंट सरकतंय का

नेलपॉलिशचा बारीक ठिपका माउंटच्या कडेला, निम्मा माउंटवर आणि निम्मा रायफलीवर. तसाच एक रिंग आणि स्कोपच्या नळीवर. पन्नास छर्रे मारा. ठिपका तुटला तर चोर सापडला. वर सांगितलेल्या दुहेरी झटक्यात रायफल स्कोपखालून पुढे निसटते, म्हणजे स्कोप मागे मागे येतो. माउंट बसतो त्या रायफलीवरच्या खाचेवर तेल असेल तर आणखी लवकर. तेव्हा माउंट काढा, खाच आणि माउंटचा जबडा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने पुसा, कोरडं करून पुन्हा बसवा.

बऱ्याच रायफलींवर खाचेत एक छोटं भोक किंवा आडवी पट्टी असते. माउंटच्या तळाची खिळी त्या भोकात उतरवायची किंवा माउंट पट्टीला टेकवायचा असतो, पण बसवून देणारा बहुतेक वेळा ते करत नाही. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या. खाच ११ मिमीची आहे की रुंद, तेही बघून घ्या. रुंद माउंट अरुंद खाचेवर कसाबसा चावून बसवलेला मी पाहिलाय. तो टिकत नाही.

७. नळीचा झोक

मोडायच्या नळीचं तोंड पुष्कळदा किंचित खाली झुकलेलं असतं. उघड्या साइटला (स्कोपशिवाय नेम धरायच्या खुणांना) ते कळत नाही, कारण साइट नळीवरच असते. स्कोप मात्र मागच्या भागावर बसतो, म्हणून वरचा नॉब संपेपर्यंत फिरवावा लागतो. टोकाला गेलेल्या नॉबखाली आतली स्प्रिंग सैल पडते आणि फुली हादऱ्याने भटकायला लागते. म्हणजे दोष नळीचा, आणि भोगतो स्कोप.

उपाय: नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि निम्मे परत या. आता छर्रा किती खाली लागतो ते बघा. मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या खाली, कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी ठेवा. हा पत्रा साधारण ०.१ मिमी. रिंगांमध्ये १० सेंमी अंतर असेल तर त्याने २० मीटरला छर्रा सुमारे २ सेंमी वर येतो. एक पट्टी ठीक, दोन ताणून. त्याहून जास्त लागत असेल तर पट्ट्या रचू नका, स्कोपची नळी वाकेल. झोक असलेल्या रायफलींसाठी मागे उंच असलेले माउंट मिळतात, तो घ्या.

८. सांधा, सील, नळी

रायफल न भरता, नळी मिटलेली ठेवून, तोंडाशी धरून डावी-उजवीकडे हलवा. कटकट जाणवली तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे. तो आवळता येतो, पण नळी आपल्या वजनाने धडकन पडणार नाही आणि मोडायलाही जड जाणार नाही, एवढाच.

सांध्यातलं रबर तपासायला टिश्यू पेपरची पट्टी सांध्यावर आडवी ठेवा आणि कागदावर एक छर्रा मारा. पट्टी उडाली की हवा गळतेय आणि वेग दरवेळी वेगळा होतोय. ते रबर स्वस्त असतं, बदला. नळी दोरीने कापडाचा तुकडा ओढून साफ करा, तेल ओतू नका. तेल पिस्टनपुढे गेलं की दाबाने पेटतं, मोठा आवाज आणि धूर होतो, आणि छर्रा कुठेही जातो. नव्या रायफलीत सुरुवातीला थोडा धूर येतो, तो थांबेपर्यंत झिरोच्या मागे लागू नका.

पावसाळ्यात लाकडी दस्ता दमट हवेने फुगतो आणि मेमधला झिरो जुलैत हलतो. कोकणातल्या मित्रांना हे सांगायची गरज नाही.

पीसीपीवाल्यांनी दर पाच छऱ्यांनी काट्यावरचा आकडा लिहून ठेवावा. रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलीत एका ठरावीक दाबाखाली छर्रे पडायला लागतात. तो आकडा सापडला की त्याच्या आधी हवा भरा.

९. आता स्कोपवर संशय घ्या

स्कोप काढा आणि उघड्या साइटने पाच मारा. ग्रुप लहान झाला तर स्कोप किंवा माउंट दोषी. तसाच विखुरलेला राहिला तर स्कोप निर्दोष, परत पहिल्या तपासणीवर. ही चाचणी नवव्या नंबरावर टाकलीय, कारण स्कोप उतरवला की झिरो पुन्हा करावा लागतो.

दुसरी चाचणी चौकोनाची. २० मीटरवर, सगळ्या वेळी एकाच बिंदूवर नेम. तीन छर्रे, ४० क्लिक उजवीकडे, तीन, ४० वर, तीन, ४० डावीकडे, तीन, ४० खाली, तीन. बाजू सहा सेंमीच्या आसपास यायला हव्यात आणि शेवटचे तीन पहिल्या तिघांवर. चौकोन वाकडा आला किंवा शेवट सुरुवातीला भेटला नाही तर स्कोप गेला. बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही स्प्रिंगच्या रायफलीवर महिन्याभरात जातो, कारण त्याला फक्त मागचा झटका सोसायची सवय असते, पुढचा नाही. नवा घेताना तो स्प्रिंगच्या एअर रायफलला चालतो असं कंपनीने लिहिलेलं आहे का ते बघा.

इथे थांबा, जाणकाराकडे न्या

नळी मिटताना किंवा दस्ता जमिनीवर जरा आपटल्यावर रायफल आपोआप सुटत असेल, तर त्या क्षणी वापर बंद. चापाची यंत्रणा घरी घासायची गोष्ट नाही.

स्प्रिंग किंवा पिस्टनचा वॉशर बदलायचा असेल तर स्प्रिंग दाबून धरणारं शिकंजं लागतं. बसवलेली स्प्रिंग आधीच दाबाखाली असते; शेवटचा बोल्ट निघाला की ती मागचा भाग तोंडावर फेकते. पीसीपीची हवेची टाकी गळत असेल तर कुठलाही जोड उघडू नका. आत २०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो. वाकलेली नळी झाडाच्या बेचक्यात घालून सरळ करायचे किस्से मी ऐकलेत, त्या नळ्याही पाहिल्यात. स्कोपच्या आत धुकं धरलं किंवा काही खुळखुळलं तर तो उघडू नका, आत भरलेला नायट्रोजन तुम्हाला परत भरता येणार नाही. आणि दुरुस्तीच्या निमित्ताने कुणी जास्त जोराची स्प्रिंग घालू म्हणालं तर नको म्हणा: २० जूलच्या वर गेली की ती परवान्याची वस्तू होते, आणि ग्रुपही बिघडतो.

नेताना पाच-पाच छऱ्यांचे दोन-तीन कागद घेऊन जा. प्रत्येकावर अंतर, छऱ्याचं नाव, कशावर टेकवून मारले ते लिहा, आणि काय काय तपासून झालंय तेही. शिवाय छऱ्यांचा तोच डबा सोबत द्या, नाहीतर तो त्याच्याकडच्या छऱ्यांनी झिरो करून देईल आणि घरी आल्यावर पुन्हा चार बोटं डावीकडे.